नळीच्या बुडाशी तांब्याभर पाणी

प्रिय अक्का,

उद्या आखाजी, अक्षय्य तृतीया, गेलेल्यांना पाणी द्यायचा सण. तुझ्या नावाची पहिली घागर उद्या भरायची आहे. तुझ्या सुनेचा, मंगलचा सकाळी फोन येऊन गेला. म्हणाली, "मामा, लवकर या. तुम्ही उनात का मंगच घागर पुजसूत." मी पोहोचल्याशिवाय ते घागर पुजणार नाहीत, म्हणून वेळेत जाणार आहे. एरंडोलहून तुझा मळा काही लांब नाही, उन्हाच्या आत पोहोचेन.

पण त्याआधी एक काम उरकायचं आहे. माझ्यासमोर आमच्या मातीतला ओलावा मोजायच्या प्रकल्पाचा वर्षाचा अहवाल पडला आहे. त्यात तुझ्याबद्दल एक ओळ आहे आणि ती खरी नाही. खाली माझी सही हवी आहे. सही करण्याआधी तुझ्याशी बोलावं असं वाटलं, म्हणून दुपारचा लिहायला बसलो.

ओळ अशी आहे: 'शेतकऱ्याने पाणी देण्यास विलंब केल्याने केळीबागेचे नुकसान झाले. उपकरणात दोष आढळला नाही.' शेतकरी म्हणजे तू. नाव नाही, नुसता गट नंबर आहे. पण तो गट नंबर मला पाठ आहे, आणि तुझ्या गावात तर सगळ्यांनाच.

गंमत म्हणजे ही ओळ आमच्या साहेबांनी मनाने लिहिलेली नाही. ती तुझ्याच तोंडची आहे. चार माणसांत तू उभी राहून बोललीस आणि मी शेजारी बसून ऐकलं. का बोललीस गं तसं?

यंत्र बसवायला आलो तो दिवस आठवतो का? माघ महिना होता, केळी निसवायला, घड बाहेर टाकायला लागली होती. बांधावरच्या निंबाखाली मोटारसायकल लावून मी पिशवीतून ती पांढरी नळी काढली, तशी तू चुलीपुढून उठून आलीस. हात पदराला पुसत विचारलंस, "हाई काय शे रे बापू?"

"मातीमा पानी कितलं शे ते सांगस."

"आनि खास काय?" यंत्राच्याही खाण्याची तुला काळजी.

"काही नही. ऊन खास." मी वर बसवायची सौरपाटी दाखवली.

"मंग बरं शे," तू म्हणालीस. "आपलाकडे बठ्ठं ऊनच शे."

तुला ते यंत्र कसं चालतं हे समजून घ्यायचं होतं. गावात दुसऱ्या कुणी इतकं विचारलं नव्हतं. मी सांगितलं, नळीच्या आत वीत-वीत अंतरावर धातूची कडी आहेत. त्यातून विजेची बारीक कंपनं बाहेरच्या मातीत जातात. मातीत पाणी जास्त असलं की ती मंदावतात, कोरड असली की मोकळी धावतात. त्यावरून पाणी किती ते कळतं. तुझ्या चेहऱ्यावरून काही उमजल्यासारखं दिसेना, म्हणून मी म्हटलं, आपण घागरीला टिचकी मारतो ना, भरलेली वेगळी वाजते, रिकामी वेगळी वाजते, तसं.

"म्हंजे तू मातीले टिचकी मारस," तू म्हणालीस, आणि हसलीस.

मी हे अनेक शेतकऱ्यांना सांगत आलो आहे, पण इतक्या थोडक्यात मला कधी जमलं नव्हतं. पुढे दोंडाईच्याकडच्या शेतांत मी तुझंच वाक्य वापरलं. लोकांना लगेच पटायचं.

मग मी नारळ फोडला. कुठलंही यंत्र जमिनीत उतरवताना मी नारळ फोडतो, ऑफिसातले हसतात तरी फोडतो. जमिनीला भोक पाडायचं तर तिची परवानगी घ्यावी, असं मला आपलं वाटतं. नळीला हळदकुंकू लावलं, नारळाचं पाणी तिच्या बुडाशी शिंपडलं, हात जोडले. तूही माझ्यामागे उभी राहून पदर सावरून हात जोडलेस. त्या क्षणी तुझ्या मनात काय चाललं होतं, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, जे माझ्या मनात तेच तुझ्या मनात.

निघताना एवढंच सांगितलं, "अक्का, या पाटीवर धूळ बसू देऊ नको. रोज सकाळी पुसत जा." तू मान हलवलीस.

आता मी चुकलो कुठे, ते ऐक.

आमच्या कामाचा एक नियम आहे. नळी बसवली की त्याच शेतातून तीन जागची माती घ्यायची, झाकणाच्या डब्यांत भरायची, वजन करायचं, भट्टीत दिवसभर वाळवायची आणि पुन्हा वजन करायचं. जेवढं वजन घटलं तेवढं पाणी. तो आकडा आणि यंत्राचा आकडा शेजारी ठेवून बघायचा. मग महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच करायचं. यंत्र खरं बोलतं की नाही, ते असं कळतं. परक्याच्या शेतात मी हे न चुकता करतो. तुझ्याकडे मी त्या डब्या आणल्याही होत्या, सात, आठ आणि नऊ नंबरच्या.

पण तू वरणबट्टी केली होतीस. वांग्याची भाजी होती. चार बट्ट्या तुपात कुस्करून झाल्यावर निंबाखाली आडवा झालो तो उन्हं कलल्यावरच उठलो. म्हटलं, घरचंच शेत आहे, माती काय पुढच्या खेपेला घेऊ. डब्या ओट्यावर तशाच राहिल्या.

आठवड्याने तुझा संजू काही कामाने एरंडोलला आला, तेव्हा तू त्या त्याच्याबरोबर परत पाठवल्यास. तिन्ही भरून. सातमध्ये लसणाची चटणी, आठमध्ये शेंगदाण्याची, नऊमध्ये जवसाची. मी फोन केला तर म्हणालीस, "रिकामी डबी कोनी पाठावस का रे?" ऑफिसात त्या चटण्या सगळ्यांनी मिळून खाल्ल्या. साहेब म्हणाले, "तुमच्या बहिणीच्या शेतातली माती फार चवदार आहे हो." आठ नंबरच्या डबीला अजून वास येतो. मातीचं वजन त्या डबीत नंतर कधी केलंच नाही.

संजूच्या मोबाईलवर मी ते दिव्यांचं पान लावून दिलं होतं. हिरवा दिवा म्हणजे पाणी नको, पिवळा म्हणजे उद्या द्या, लाल म्हणजे आजच द्या. संजू सकाळी दिवा बघून तुला सांगायचा. ठिबकची चावी तुझ्या हातात होती. विहिरीचं पाणी खाली गेलेलं, त्यामुळे दिव्याचा तुला आधारच वाटत होता. चैत्रापर्यंत ठीक चाललं.

वैशाखात घड भरायचे दिवस आले आणि दिवा हिरव्यावर अडकून बसला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी तुझा फोन आला.

"बापू, पानं मिटी ऱ्हायनात रे."

"दुपारना मिटतीनच. ऊन कितलं शे."

"सकायलेबी मिटेल व्हतात. मातीमा हात घाला तं कोरडी लागस."

आणि मी तुला जे बोललो ते मला अजून शब्दनशब्द आठवतं. "अक्का, तुना हात वरवर देखस. यंत्र दोन फूट खाल देखस. यंत्रावर भरोसा ठेव."

मग म्हणालीस, "तू सांगशी तसं."

तू सांगशी तसं. पंचवीस वर्षं केळी लावणारी बाई हे कुणाला म्हणते? संजूला तू कधी म्हटलं नसतंस. मेहुण्यांनाही ते असताना कधी म्हटलं नाहीस. मला म्हणालीस, कारण मला शाळेत तू घातलं होतंस. आई गेल्यावर आपले वडील मला गुरांमागे धाडणार होते. तू त्यांच्यापुढे उभी राहून म्हणालीस, हा शिकेल. स्वतः चौथीत शाळा सोडलेली तू मला हाताला धरून न्यायचीस आणि मी रडायचो म्हणून सुट्टी होईपर्यंत शाळेच्या भिंतीशी बसून राहायचीस. आणि मग तोच भाऊ यंत्र घेऊन तुझ्या शेतात आला, तर तू गावभर सांगत सुटलीस, "मना भाऊ उना, मातीना डाक्टर." आता डॉक्टरने सांगितलेलं कसं मोडणार?

नऊ दिवस बागेला पाणी मिळालं नाही. दहाव्या दिवशी संजूने कुणाला न विचारता मोटार चालू केली. तोवर व्हायचं ते झालं होतं. खोडं घडाच्या वजनाने मध्येच मोडून पडली. उरलेल्या घडांतल्या फण्या बारीक राहिल्या. व्यापारी बागेत आला, दोन ओळी चालला आणि भाव न सांगताच निघून गेला.

मी दुसऱ्या दिवशी आलो. नळी तपासली, वायर तपासली, पाटी तपासली. पाटी स्वच्छ होती, इतकी स्वच्छ मी दुसऱ्या कुठल्या शेतात पाहिली नव्हती. नळीच्या बुडाभोवती तू केळीचा वाळलेला पाला रचला होतास. मी विचारलं, हे कशाला? म्हणालीस, "त्याले ऊन लागाले नको." मला हसू आलं. यंत्राला ऊन लागू नये म्हणून पाला! तो पाला मी उचलून पाहिला नाही, अक्का. एक वीत पाला. तो बाजूला केला असता तर त्याच दिवशी सगळं कळलं असतं.

ज्येष्ठात साहेब गावात आले. मारुतीच्या पारावर माणसं जमवली होती, आणखी शेतांत यंत्रं बसवायची म्हणून. तुमच्या शेजारच्या रामदास आबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "काय अक्का, यंत्र लायं तरी बाग सुकनी कशी?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी वर्षाच्या करारावरचा माणूस. मी पिशवीतले कागद चाळायला लागलो. तेवढ्यात बायकांमधून तू उठलीस.

"यंत्र बराबर व्हतं आबा. पानी देवाले मनाकडूनच उशीर व्हयना."

एवढं बोलून खाली बसलीस. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. रामदास आबा पुटपुटले, "केळीवालीनीनी केळीलेच उपाशी ठेवं." ते सगळ्यांनी ऐकलं. तूही ऐकलंस. तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस. पुढे काही महिने तुला तेच ऐकावं लागलं असणार, विहिरीवर, लग्नात, दवाखान्याच्या रांगेत. मला तू कधी सांगितलं नाहीस. मंगलने सांगितलं, तेही तू गेल्यावर.

मी तेव्हा काय केलं? घरी आलो, आंघोळ करून देवापुढे बसलो, जप केला आणि शांत झोपलो. देवापुढे बसून मन शांत होतं, हे चांगलंच असतं असं मी तोवर समजत होतो.

कार्तिकात तुला जळगावला नेलं. छातीत दुखतंय म्हणून संजूने गाडी केली. पाचव्या दिवशी तू गेलीस. मी होतो जवळ, पण बोलणं झालं नाही. झालं असतं तरी मी हा विषय काढला असता का? नसता काढला. तेव्हा मलाही वाटत होतं की कदाचित खरंच तुझ्याकडून उशीर झाला असेल. हे लिहायला लाज वाटते, पण उद्या तुझी घागर पुजायची आहे आणि त्या पाण्यापुढे हे मनात ठेवून बसणं बरं नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो.

फाल्गुनात अहवालासाठी मी तुझ्या यंत्राची वर्षभराची नोंद काढली. एरवी आम्ही दिवसाची सरासरी बघतो. दिवाही सरासरीवरच लागतो. या वेळी मी अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे काढले आणि संगणकावर रेघ मांडली. रेघेला दात होते. रोज सकाळी पावणेसातच्या सुमाराला रेघ एकदम वर जायची आणि दिवसभर हळूहळू उतरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. करवतीसारखे दात.

साहेब म्हणाले, "सकाळच्या उन्हाने यंत्र तापतं, त्याचे असतात ते. काढून टाका. सरासरी लावली की रेघ गुळगुळीत होते."

मलाही पटलं होतं. असं होतंही कधी कधी. मी ते दात पुसायलाच बसलो होतो. पण उन्हाचे असते तर ते ऋतूप्रमाणे सरकायला हवे होते. माघात दिवस उशिरा उजाडतो, वैशाखात लवकर. दात मात्र दोन्ही महिन्यांत पावणेसातलाच. आणि पंधरवड्यातून एकदा तोच दात साडेसातला यायचा. मी पंचांग काढून बघितलं. एकादशी.

मग मी एकेक दिवस बघत गेलो. चैत्रात सलग चार दिवस दातच नाहीत. ते चार दिवस तू माझ्या घरी होतीस, माझ्या ज्योतीच्या साखरपुड्याला. पद्मालयाला आपण गणपतीच्या दर्शनाला गेलो होतो. पाचव्या दिवशी सकाळी तू घरी पोहोचलीस, आणि त्या दिवशीचा दात दहा वाजताचा.

पावसाळ्यात माती भरलेली, तेव्हा दात पुसट दिसतात. पाऊस उघडल्यावर पुन्हा स्पष्ट. आणि कार्तिकात एका सकाळनंतर एकही नाही. तिथून पुढे रेघ बिनदातांची, उतरत गेलेली, जशी कुठल्याही शेताची असते तशी.

ती तारीख मला बघावी लागली नाही.

मी ऑफिसातून उठलो आणि तसाच तुझ्या मळ्यावर गेलो. मंगल ओट्यावर डाळ निवडत होती. मी विचारलं, "मंगल, आई सकाळी वावरमा काय करेत?"

तिला प्रश्नच कळेना. मग म्हणाली, "पूजा व्हयनी का देवना आंघोयनं पानी लई जायेत ना मामा. पयले तुयशीले टाकेत. यंत्र लायं तवपाशी तठे टाकाले लागनात. पाटी पुसेत, पानी टाकेत, हात जोडेत आनि मंग चहा लेत."

"तठे काबरं?"

"तुम्हीच तं नारळ फोडेल व्हता." मंगलने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच वेड्यासारखं विचारतो आहे. "त्या म्हनेत, बापूनी तठे देव बसाडेल शे. देवनं पानी पायखाल येवाले नको."

बस. एवढंच होतं ते.

देवाच्या आंघोळीचं पाणी पायदळी येऊ नये, म्हणून ते झाडाच्या मुळाशी टाकतात. मीही घरी तेच करतो. तू ते रोज तांब्याभर नळीच्या बुडाशी टाकत होतीस, कारण तिथे तुझ्या भावाने हात जोडले होते. काळी माती वैशाखात भेगाळते. नळीच्या अंगालगतही बारीक फट पडली होती, त्या फटीतून तुझं पाणी सरळ दोन फूट खाली उतरत होतं. वरून तू रचलेला पाला, त्यामुळे ओल दिसतही नव्हती. आख्ख्या बागेत तेवढी एक ओंजळभर जागा ओली होती आणि यंत्र नेमकं तिथलंच बघत होतं. टिचकी जिथे मारली तिथलंच ऐकू येणार. यंत्र खरं बोलत होतं. तुझा हातही खरं बोलत होता. खोटा फक्त मी होतो, ज्याला न बघता सगळं माहीत होतं.

थोडा राग तुझाही आला, खोटं कशाला बोलू? एकदा तरी सांगायचंस ना, बापू, मी रोज तिथे पाणी टाकते. पण सांगण्यासारखं त्यात तुला काय वाटणार? आपण रोज तुळशीला पाणी घालतो हे कुणी भावाला फोन करून सांगतं का? विचारायचं काम माझं होतं. डॉक्टर रोग्याला विचारतो, काल काय खाल्लं. मी तेवढंही विचारलं नाही.

साहेबांना सांगितलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, "पण नारळ आणि तांब्या अहवालात कसा लिहिणार तुम्ही?"

म्हटलं, "जसं झालं तसं. बसवणाऱ्याने मातीचे नमुने घेतले नाहीत, शेतकऱ्याला नीट समजावलं नाही, नळीलगत रोज पाणी पडत होतं."

"म्हणजे सगळं तुमच्यावर येईल. करार वाढवायचे दिवस आहेत."

"माझंच आहे ते, साहेब."

ते म्हणाले, विचार करा, आखाजीनंतर सही करून द्या. जुनी ओळ त्यांनी तशीच ठेवून कागद माझ्याकडे दिला. मला पळवाट राहावी म्हणून असेल.

मग परवा मी तुझ्या गावात गेलो. संजूला म्हटलं, चार माणसं पारावर बोलव. आठ-दहा आली. रामदास आबा होते. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बट्टी खाऊन झोपलो तेही सांगितलं. म्हटलं, त्या दिवशी अक्का बोलली ते मला वाचवायला बोलली. तिची काही चूक नव्हती. तिने मला फोन करून सांगितलं होतं, माती कोरडी आहे म्हणून. मीच तिला गप्प केलं.

मग रामदास आबा म्हणाले, "काय डाक्टर, तुमले तुमना घरनाच रोग दखायना नही का?"

दोघं-तिघं हसले. मीही मान खाली घालून म्हटलं, "नही दखायना, आबा." आबांनी तंबाखू झटकली आणि थोड्या वेळाने, कुणाकडे न बघता म्हणाले, "अक्काले मी वाईट बोलनू व्हतू." एवढंच. उठून जाताना त्यांनी मारुतीला हात जोडले, ते नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

पाराच्या कडेला बसलेली एक म्हातारी तोवर सगळं ऐकत होती. तिला वीज, कंपनं, रेघ यातलं काही कळलं नसावं. ती शेजारणीला म्हणाली, "अक्का यंत्रले बी पानी पाजी गयी."

ते ऐकून मला तिथे उभं राहवेना.

यंत्र घ्यायला गावात कुणी लगेच तयार झालं, असं नाही. दोघांनी स्पष्ट नाही म्हटलं. संजू मात्र म्हणाला, "मामा, आपलं काढू नका. पन अजून दोन लावा, लांब-लांब. आनि मी हातबी घालसू मातीमा." तुझा मुलगा माझ्यापेक्षा शहाणा निघाला.

आता कागदाकडे येतो. ती ओळ मी खोडली आहे. तिच्या जागी लिहिलं आहे: 'शेतकऱ्याने माती कोरडी असल्याचे वेळेवर कळवले होते. बसवणाऱ्याने ते मानले नाही.' खाली सही केली. तुला हे पत्र लिहिता लिहिताच केली, वरच्या परिच्छेदानंतर थांबून. अक्षर जरा वाकडं आलं आहे, पण वाचता येतं. करार वाढेल की नाही, ते बघू. नाही वाढला तर टिचकी मारायला दुसरीकडे माती आहेच.

दात मात्र मी पुसलेले नाहीत. ती रेघ अहवालात जशीच्या तशी लावली आहे. साहेबांना ती यंत्रातली गडबड दिसेल आणि दिसू दे. मला त्यात तुझी प्रत्येक सकाळ दिसते. कुठल्या दिवशी तू लवकर उठलीस, कुठल्या दिवशी पूजा लांबली, कुठल्या दिवशी माझ्या घरी होतीस. माझ्याकडे तुझा एक धड फोटो नाही, पण या सकाळी आहेत.

उद्यासाठी तुला एक शब्द देतो. सात, आठ, नऊ या तिन्ही डब्या मी पिशवीत भरल्या आहेत. घागर पुजून झाली की जेवणाआधी तुझ्या शेतातली तीन जागची माती घेईन. आधी माती, मग बट्टी. यापुढे दर दोन महिन्यांनी घेईन, करार असो की नसो. तू रिकामी डबी कधी परत पाठवली नाहीस, मीही रिकामी नेणार नाही.

पण त्याही आधी, पोहोचल्याबरोबर, एक तांब्या पाणी त्या जुन्या नळीच्या बुडाशी टाकेन. वर्षातून एकदाच, आखाजीला. बाकीच्या दोन नळ्या लांब असतील, त्यामुळे दिव्याची फसगत होणार नाही. रेघेवर एक दात येईल. नोंदवहीत शेऱ्याच्या रकान्यात वेळ घालून लिहीन: 'अक्काचे पाणी. हे मातीच्या पाण्यात धरू नये.'

पावणेसातलाच येईन.

तुझा,
बापू